खटखट थांबवणारा माणूस

सेकंड इयरच्या थर्मोच्या व्हायव्हाला एक्स्टर्नल सरांनी मला एकच प्रश्न विचारला होता. ऑटो सायकलची एफिशियन्सी कॉम्प्रेशन रेशोवर अवलंबून असते, हे मी घोकून गेलो होतो. फॉर्म्युलाही धडाधड सांगून टाकला. सर म्हणाले, रेशो वाढवला की एफिशियन्सी वाढते ना, मग तो सरळ वीस का करत नाहीत? मी म्हटलं, नॉकिंग होतं. त्यांनी विचारलं, होतं म्हणजे नेमकं काय होतं? तिथे आमची गाडी बंद पडली.

मार्क किती मिळाले ते सांगत नाही, पण त्या प्रश्नाने पिच्छा सोडला नाही. उत्तर शोधता शोधता एका माणसापर्यंत पोचलो. त्याचं नाव थॉमस मिजली. मेकॅनिकल इंजिनिअर. इंजिनाची खटखट त्याने थांबवली. पण ती ज्या पद्धतीने थांबवली, त्याची किंमत जगाने पुढची शंभर वर्षं मोजली. त्याची गोष्ट आपल्या सगळ्यांना माहीत असायला हवी असं वाटलं, म्हणून हा लेखनप्रपंच.

साडेतीन चमचे

सुरुवात मिजलीपासून न करता अमेरिकेतल्या ड्रॅग रेसपासून करतो, कारण कॉम्प्रेशन रेशोला किती महत्त्व आहे ते तिथे चटकन कळतं. ड्रॅग रेस म्हणजे सरळ पट्टी, लांबी पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात, दिवा हिरवा झाला की सुटतात. वळणं नाहीत, काही नाही. १९५१ मध्ये स्थापन झालेली नॅशनल हॉट रॉड असोसिएशन ही संस्था या शर्यती भरवते. त्यात स्टॉक नावाचा एक क्लास आहे. नावाप्रमाणेच, कंपनीने जी गाडी विकली तीच इथे पळवायची. नियमात बसणारे मोजके बदल सोडले तर इंजिन कारखान्याच्या स्पेसिफिकेशनप्रमाणेच हवं.

आता हे तपासायचं कसं? तर इंजिन खोलून! हेड काढतात, उलटं ठेवतात, कम्बशन चेंबरवर भोक असलेली पारदर्शक पट्टी बसवतात आणि ब्युरेटने आत द्रव सोडतात. हो, तेच आपलं बारावीच्या टायट्रेशनचं ब्युरेट. भरायला किती सीसी लागले ते वाचायचं. प्रत्येक इंजिनासाठी चेंबरचं किमान घनफळ यादीत छापलेलं असतं. त्याहून कमी भरलं, तर हेड जास्त घासून रेशो वाढवलाय हे उघड. गाडी बाद. गॅस्केट, पिस्टनचा माथा, पिस्टन वर आल्यावर ब्लॉकच्या पृष्ठभागापासून किती खाली राहतो, हे सगळं असंच ठरलेलं आणि मोजलेलं.

एवढा काटेकोरपणा कशाला, तर एक गणित करून बघू. शेवरोलेच्या प्रसिद्ध ३५० क्युबिक इंच व्ही-एट इंजिनाचा बोअर ४ इंच आणि स्ट्रोक ३.४८ इंच. म्हणजे एका सिलिंडरचं स्वेप्ट व्हॉल्यूम झालं सुमारे ७१७ सीसी. रेशो ११ हवा असेल तर पिस्टन वर पोचल्यावर उरणारी जागा हवी सुमारे ७२ सीसी. रेशो ९ हवा असेल तर सुमारे ९० सीसी. फरक अवघा १८ सीसीचा. औषधाच्या चमच्याने मोजलं तर साडेतीन चमचे! एवढ्याशा जागेवरून शर्यती जिंकल्या जातात आणि हरल्या जातात.

कारण साधं आहे. आदर्श ऑटो सायकलमध्ये रेशो ४ असेल तर एफिशियन्सी येते सुमारे ४३ टक्के, ८ असेल तर साडेछपन्न आणि ११ असेल तर जवळपास ६२ टक्के. प्रत्यक्ष इंजिनात आकडे बरेच खाली येतात, पण दिशा तीच. तेवढ्याच पेट्रोलमध्ये जास्त ताकद. फुकटात मिळणारी ही एकच गोष्ट, आणि तिच्या आड येतं ते नॉकिंग.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फोर्डच्या मॉडेल टी गाडीचा रेशो चार-साडेचारच्या आसपास होता. १९६३ साली क्रायसलर कंपनीने आपल्या ४२६ क्युबिक इंचाच्या मॅक्स वेज इंजिनाची ड्रॅग स्ट्रिपसाठीची जी आवृत्ती काढली, तिचा रेशो होता १३.५. चारवरून साडेतेरावर! मधल्या काळात चांगले धातू आले, चेंबरचे आकार सुधारले, रिफायनरीतून निघणारं पेट्रोलही सुधारलं, हे सगळं खरं. पण या चढाईतला मोठा वाटा ज्या एका पदार्थाचा होता, तो शोधला मिजलीने.

मेकॅनिकलचा मुलगा

थॉमस मिजली ज्युनिअरचा जन्म १८ मे १८८९ चा, पेनसिल्व्हेनियातल्या बीव्हर फॉल्स गावचा. वाढला ओहायो राज्यातल्या कोलंबसमध्ये. घरात शोध लावण्याची परंपराच होती. वडील चाकं आणि टायर यांत सुधारणा करणारे संशोधक, तर आईच्या वडिलांनी करवतीला बदलता येणारे दात बसवण्याचा शोध लावलेला. असा मुलगा इंजिनिअरिंगला गेला नसता तरच नवल. १९११ मध्ये तो कॉर्नेल विद्यापीठातून मेकॅनिकल इंजिनिअर होऊन बाहेर पडला. पुढे जगाने त्याला केमिस्ट म्हणून ओळखलं, पण डिग्री आपलीच, मेकॅनिकलची!

थोडे दिवस डेटन गावात कॅश रजिस्टर बनवणाऱ्या कंपनीत, मग वडिलांबरोबर टायरच्या धंद्यात, असं करत करत १९१६ मध्ये तो डेटनच्याच डेल्को या प्रयोगशाळेत लागला. तिथे त्याला गुरू भेटला. चार्ल्स केटरिंग. गाडीचा इलेक्ट्रिक सेल्फ-स्टार्टर बनवणारा हाच. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत तो स्टार्टर पहिल्यांदा आला आणि हँडल मारून हात मोडून घेण्याचे दिवस सरले. पण त्याच सुमारास गाड्यांची इंजिनं खटखट करताहेत अशी ओरड सुरू झाली आणि लोक केटरिंगच्या बॅटरी इग्निशनला दोष देऊ लागले. त्यातच डेल्को कंपनी शेतकऱ्यांसाठी विजेचे छोटे जनरेटर बनवत होती. ते रॉकेलवर चालायचे, आणि रॉकेलवर तर इंजिन फारच खटखट करायचं. (आपल्याकडेही पेट्रोलमध्ये रॉकेलची भेसळ झाली की चढावर गाडी कशी वाजते, हे कुठल्याही फिटरला विचारा!) केटरिंगने हे काम नव्या पोराकडे सोपवलं. ही खटखट कसली ते शोधून काढ.

आत डोकावून बघितलं तेव्हा

मिजलीचं मोठेपण इथे दिसतं. लगेच उपाय शोधायला न धावता त्याने आधी रोग बघितला. त्या काळी समज असा होता, की ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटतं, म्हणून आवाज येतो. मिजलीने सिलिंडरमधला दाब प्रकाशकिरणाच्या साहाय्याने फोटोच्या फिल्मवर उमटवणारं यंत्र तयार केलं. प्रत्येक स्ट्रोकचा आलेखच समोर आला. त्यात दिसलं, की ठिणगी वेळेवरच पडते, जाळ नीट सुरू होतो, आणि मग शेवटी शेवटी दाबाची रेघ एकदम उभी चढते. म्हणजे गडबड ठिणगीच्या आधी नव्हती, ठिणगीच्या नंतर होती.

व्हायव्हाच्या प्रश्नाचं उत्तर ते हे. ठिणगीपासून निघालेली ज्योत चेंबरभर पसरत जाते. जाता जाता पुढच्या न जळलेल्या मिश्रणाला ती दाबते आणि तापवते. रेशो आधीच जास्त असेल, तर कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण ज्योत पोचण्याआधी आपोआप आणि एका दमात पेटतं. दाबाच्या लाटा भिंतींवर आदळतात. तीच खटखट. जास्त वेळ चालली तर पिस्टनला भोकही पडतं.

रोग कळला, आता औषध. केटरिंग आणि मिजली या दोघांना एक वेडी कल्पना सुचली. तिकडे ट्रेलिंग आर्ब्युटस नावाचं एक रानफूल असतं, ते बर्फ असतानाच फुलतं. त्याची पानं मागून लालसर असतात. लाल रंगामुळे ती उष्णता जास्त शोषत असतील काय? मग रॉकेलला लाल रंग दिला तर? मिजली रंग शोधायला गेला. तेलात विरघळणारा लाल रंग काही हाती लागला नाही, मिळालं ते आयोडिन. तेच टाकलं. आणि काय आश्चर्य, खटखट थांबली! मग खरेखुरे लाल रंग आणून टाकले तर ढिम्म फरक नाही. उलट आयोडिनचं रंग नसलेलं संयुग टाकलं तर खटखट पुन्हा गायब. म्हणजे रंगाचा काही संबंधच नव्हता, ही रसायनाची करामत होती. थिअरी साफ चुकीची, पण प्रयोग यशस्वी. प्रोजेक्ट करणाऱ्या प्रत्येकाने मनाशी बाळगावी अशी ही गोष्ट आहे.

आयोडिन महाग आणि धातू गंजवणारं, त्यामुळे ते बाद. मग सुरू झाली वर्षानुवर्षांची शोधाशोध. थॉमस बॉइड नावाचा केमिस्ट मदतीला आला, डेल्कोची प्रयोगशाळा पुढे जनरल मोटर्समध्ये सामील झाली. १९१९ मध्ये ॲनिलिन सापडलं, पण त्याच्या धुराला भयंकर वास. मग सेलेनियम, टेल्युरियम. टेल्युरियमचा लसणासारखा वास अंगाला असा चिकटायचा, की अंघोळ करूनही जाईना. शेवटी मिजलीने आंधळेपणाने शोधणं सोडलं आणि पिरिऑडिक टेबल समोर ठेवून परिणाम मांडले. गटात जसजसं खाली, जड मूलद्रव्यांकडे जावं, तसतसा परिणाम वाढतो असं दिसलं. बोट सरकत सरकत शिशावर आलं. ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड इंजिनात गेलं आणि खटखट बंद पडली. गॅलनला फक्त तीन सीसीच्या आसपास पुरायचं. हजारात एक भागही नाही!

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो नावाचा इंजिनिअर याच दुखण्याशी झुंजत होता. त्याने रेशो कमीजास्त करता येईल असं इंजिन बांधून कुठलं इंधन किती दाब सोसतं ते मोजलं आणि साइड-व्हॉल्व्ह इंजिनाच्या हेडचा आकार बदलून मिश्रण घुसळलं जाईल अशी रचना केली. म्हणजे एकाने चेंबर बदललं, दुसऱ्याने पेट्रोल. दोन्ही रस्ते उघडे होते.

तिसराही एक रस्ता होता, आणि तो मिजलीला पुरता माहीत होता. अल्कोहोल! ऑक्टोबर १९२१ मध्ये, म्हणजे शिशाच्या दोनच महिने आधी, त्याच्या गटाने ३० टक्के अल्कोहोल मिसळलेल्या पेट्रोलवर चालणारी जास्त कॉम्प्रेशनची गाडी इंजिनिअर मंडळींना दाखवली होती. खटखट अजिबात नाही. पण अल्कोहोल ढीगभर लागायचं, आणि ते कुणीही गाळू शकत होतं. त्यावर पेटंटची मालकी सांगून धंदा कसा करणार? शिशाचं तसं नव्हतं.

एक्झॉस्टच्या पलीकडे

आता मला या गोष्टीत सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो भाग. शिसं घातलेलं पेट्रोल जळलं की त्याची राख स्पार्क प्लगवर आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर जमायची. इंजिन खराब व्हायचं. मिजलीने यावरही तोडगा काढला. पेट्रोलमध्ये ब्रोमिनचं संयुग घातलं, की शिशाचं लेड ब्रोमाइड होतं, ते गरम असताना वाफेच्या रूपात राहतं आणि धुराबरोबर बाहेर निघून जातं. इंजिन स्वच्छ! इंजिनिअरिंगच्या दृष्टीने अगदी सुरेख तोडगा.

पण बाहेर म्हणजे कुठे? रस्त्यावर. तिथून फूटपाथवर, घरात, पोरांच्या हातावर.

शिसं विषारी आहे हे तेव्हा कुणाला नवीन नव्हतं. १९२२ मध्येच काही शास्त्रज्ञांनी पत्रं लिहून मिजलीला सावध केलं होतं. १९२३ च्या सुरुवातीला तर त्याला स्वतःलाच शिशाची बाधा झाली आणि काम सोडून हवापालटासाठी फ्लोरिडात जाऊन राहावं लागलं. नेमकं त्याच दिवसांत, २ फेब्रुवारी १९२३ ला, डेटनच्या एका पंपावर हे पेट्रोल पहिल्यांदा विकलं गेलं. त्याच वर्षी इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत पहिल्या तिन्ही गाड्या याच पेट्रोलवर धावल्या. यापेक्षा मोठी जाहिरात कुठली? १९२४ मध्ये जनरल मोटर्स आणि न्यू जर्सीची स्टँडर्ड ऑइल यांनी मिळून कंपनी काढली, नाव ठेवलं एथिल कॉर्पोरेशन. नावात शिसं कुठेच नाही. मिजली तिचा उपाध्यक्ष झाला.

आणि ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे रिफायनरीत आक्रीत घडलं. टेट्राएथिल लेड बनवणाऱ्या विभागातले कामगार भ्रमिष्ट झाले, काहींना बांधून दवाखान्यात न्यावं लागलं. पाच जण मेले, तीसहून अधिक आजारी पडले. वर्तमानपत्रांनी त्याला वेडा गॅस असं नाव दिलं. त्या वर्षी डेटनमध्ये आणि ड्युपाँटच्या न्यू जर्सीतल्या कारखान्यातही कामगार दगावले होते. ३० ऑक्टोबरला न्यूयॉर्कमध्ये पत्रकारांना बोलावलं गेलं. सगळ्यांसमोर मिजलीने टेट्राएथिल लेड हातांवर ओतून हात धुतले आणि बाटली नाकाशी धरून मिनिटभर वास घेतला. हे रोज केलं तरी आपल्याला काही होणार नाही, असा त्याचा दावा होता. ज्याला दीड वर्षापूर्वी याच शिशाने अंथरुणाला खिळवलं होतं, तोच हे करत होता. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुढचं पान उलटलं नाही.

मे १९२५ मध्ये सरकारी आरोग्य खात्याच्या प्रमुखांनी वॉशिंग्टनला परिषद बोलावली. विक्री तात्पुरती थांबली. हार्वर्ड विद्यापीठाच्या डॉक्टर ॲलिस हॅमिल्टन यांनी तिथे ठामपणे विरोध केला. कारखाना एकवेळ सुरक्षित करता येईल, पण रस्त्यावर पसरणाऱ्या शिशाचं काय, हा त्यांचा मुद्दा होता. मग समिती नेमली गेली. तिला मिळालेला वेळ काही महिन्यांचा, आणि शिसं शरीरात साठायला लागतात वर्षं. जानेवारी १९२६ मध्ये अहवाल आला, की बंदी घालण्याइतका पुरावा सध्या नाही, पुढे अभ्यास चालू ठेवावा. विक्री पुन्हा सुरू झाली. पुढच्या कित्येक दशकांचा अभ्यास मात्र मुख्यतः या उद्योगाच्याच पैशावर चालला.

अकरावरून नऊवर

यानंतरची चाळीस वर्षं कॉम्प्रेशन रेशोची दिवाळी होती. पेट्रोल मोजायला ऑक्टेन नंबर आला, तोही एथिल कंपनीतल्याच ग्रॅहम एडगरच्या कामातून. दुसऱ्या महायुद्धात १०० ऑक्टेनच्या पेट्रोलवर विमानं उडाली आणि त्यातही शिसं होतं. युद्धानंतर साठच्या दशकात अमेरिकन कंपन्यांत रेशोची चढाओढ लागली. ड्रॅग स्ट्रिपवर रविवारी जिंकलेली गाडी सोमवारी शोरूममध्ये खपायची. दहा, अकरा, साडेबारा, साडेतेरा! स्टॉक क्लासची यादी फुगत गेली ती याच काळात.

आणि याच काळात क्लेअर पॅटरसन नावाचा भूरसायनशास्त्रज्ञ भलत्याच कामात अडकला होता. त्याला पृथ्वीचं वय मोजायचं होतं, त्यासाठी दगडातलं शिसं मोजायचं होतं. पण प्रयोगशाळेत जिथे बघावं तिथे बाहेरचं शिसं! हवेत, धुळीत, केसांत. १९५६ मध्ये त्याने पृथ्वीचं वय सुमारे ४५५ कोटी वर्षं असल्याचं प्रसिद्ध केलं आणि मग त्या बाहेरच्या शिशाच्या मागे लागला. १९६५ मध्ये त्याने दाखवून दिलं, की माणसाच्या शरीरातलं शिसं नैसर्गिक पातळीच्या कितीतरी पट वाढलंय. १९७९ मध्ये हर्बर्ट नीडलमन या डॉक्टरने लहान मुलांच्या पडलेल्या दुधाच्या दातांतलं शिसं मोजलं. ज्यांच्या दातांत शिसं जास्त, त्यांची बुद्धी आणि वर्गातलं लक्ष कमी भरलं.

मधल्या काळात आणखी एक गोष्ट घडली. धुरातलं प्रदूषण कमी करायला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणायचा होता आणि शिशाने कन्व्हर्टर निकामी होतो. म्हणून जनरल मोटर्सने १९७१ च्या मॉडेलपासून आपल्या इंजिनांचे रेशो खाली आणले. आपण वर गणित केलेल्या ३५० इंजिनाची कॉर्व्हेटमधली एलटी-वन आवृत्ती १९७० मध्ये ११ रेशोची आणि ३७० हॉर्सपॉवरची होती. १९७१ मध्ये ती ९ रेशोची आणि ३३० हॉर्सपॉवरची झाली. तेच साडेतीन चमचे! स्टॉक क्लासमध्ये या दोन वर्षांच्या गाड्यांचे आकडे म्हणूनच वेगवेगळे. रेसवाल्यांच्या दृष्टीने त्या दोन ओळी म्हणजे दोन इंजिनं. त्या ओळींच्या मधल्या जागेत हा सगळा इतिहास बसलाय.

ज्या कंपनीने शिसं आणलं तिनेच त्याची गच्छंती सुरू केली, हा दैवाचा खेळच म्हणायचा. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिशाचं पेट्रोल १९९६ पासून पूर्ण बंद झालं. शर्यतीच्या इंधनाला मात्र ही बंदी लागू नाही. त्यामुळे जास्त रेशोच्या जुन्या इंजिनांसाठी तिकडे शिशाचं रेसिंग पेट्रोल अजूनही विकलं जातं.

दोर आणि कप्प्या

मिजलीने यातलं काही पाहिलं नाही. शिशानंतर केटरिंगने त्याला दुसरं काम दिलं. फ्रिजमध्ये तेव्हा अमोनिया, सल्फर डायऑक्साइड असले विषारी गॅस वापरायचे, गळती झाली तर घरातली माणसं मरायची. १९२८ पासून मिजलीने पुन्हा पिरिऑडिक टेबल पुढे घेतलं आणि फ्रेऑन बनवला. १९३० मध्ये केमिस्ट लोकांच्या सभेत त्याने तो छातीत भरून घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवली. विषारी नाही, जळत नाही, दोन्ही एका फुंकरीत सिद्ध. या वेळी त्याचा दावा खरा होता. पण हाच गॅस वर जाऊन ओझोनचा थर खातो, हे १९७४ मध्ये कळलं. पुन्हा तेच. खोलीतला प्रश्न सुटला, खोलीबाहेरचा कुणी विचारला नव्हता.

मानसन्मान भरपूर मिळाले. पेटंटं शंभरावर. १९४१ चं प्रीस्टली पदक. १९४४ मध्ये तो अमेरिकन केमिकल सोसायटीचा अध्यक्षही झाला. पण त्याआधी १९४० मध्ये, एक्कावन्नाव्या वर्षी, पोलिओने त्याचे पाय गेले होते. हाडाचा इंजिनिअर तो! अंथरुणातून स्वतःला उचलून घ्यायला त्याने दोर आणि कप्प्यांची यंत्रणा बनवली. २ नोव्हेंबर १९४४ रोजी त्याच दोरांत गळा आवळून त्याचा मृत्यू झाला. वय ५५.

या मृत्यूकडे बोट दाखवून, बघा कसा सूड उगवला, असं म्हणणारे खूप आहेत. मला ते पटत नाही. तो काही राक्षस नव्हता. हुशार, मेहनती, हसतमुख माणूस होता, आणि म्हणूनच भीती वाटते. राक्षस असता तर आपण त्याच्यासारखे नाही म्हणून निवांत राहिलो असतो.

रेघ कुठे मारायची?

थर्मोच्या पहिल्या लेक्चरला सर फळ्यावर सिलिंडर काढतात आणि भोवती तुटक रेघ मारतात. ही सिस्टीम, बाकी सगळं सराउंडिंग. मिजलीने आपली रेघ एक्झॉस्ट व्हॉल्व्हपाशी मारली होती. रेघेच्या आतलं त्याचं प्रत्येक गणित बरोबर होतं. पण ॲलिस हॅमिल्टन रेघेबाहेर बोट दाखवत होत्या, आणि तिकडे त्याने बघायचं टाळलं. कळलं नव्हतं असंही नाही, त्याचं स्वतःचं शरीर त्याला सांगून चुकलं होतं.

आपल्याकडे एप्रिल १९९५ मध्ये मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईत कन्व्हर्टरवाल्या नव्या गाड्यांसाठी शिसं नसलेलं पेट्रोल आलं, आणि १ फेब्रुवारी २००० पासून ते देशभर सक्तीचं झालं. आपल्यातल्या बहुतेकांचा जन्म त्यानंतरचा. पण आपले आईबाबा ज्या रस्त्यांवरून शाळेत गेले, त्या रस्त्यांवर मिजलीचं शिसं होतं. जगातला शेवटचा देश अल्जीरिया, तिथे ते जुलै २०२१ मध्ये थांबलं. १९२३ ते २०२१. अठ्ठ्याण्णव वर्षं.

आणि २०२५ मध्ये आपल्या देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट गाठलं गेलं. त्यातलं कितीतरी आपल्या साखर कारखान्यांतून, उसाच्या रसापासून आणि मळीपासून येतं. इथेनॉलचं ऑक्टेन जास्त, म्हणजे खटखट कमी. मिजलीने बाजूला ठेवलेला रस्ता शंभर वर्षांनी असा आपल्या गावावरून गेला. अर्थात त्याचीही रेघ नीट मारायला हवी. उसाला लागणारं पाणी आत धरायचं की बाहेर, हा प्रश्न आपल्या पिढीला सोडवायचा आहे.

मित्रांनो, उद्या आपण कुणी डिझाइनमध्ये जाऊ, कुणी प्रॉडक्शनमध्ये. आपल्यासमोरही एखादी खटखट येईल आणि साहेब म्हणेल, थांबव. ती आपण थांबवूच. फक्त त्याआधी एकदा पेन्सिल उचलून ती तुटक रेघ थोडी मोठी मारून बघू या.

आणि हो, कधी ते एक्स्टर्नल सर पुन्हा भेटले, तर रेशो वीस का करत नाहीत याचं उत्तर आता माझ्याकडे आहे. फक्त ऐकायला त्यांना तासभर बसावं लागेल!